लिव्हरचं वर्क परमिट

११ फेब्रुवारी, मंगळवार. बडोदा, समा, आत्याकडे

—आणि दुखतंय, हो. पण मी म्हणत होते तसं नाही दुखत. मला वाटलं होतं टोचल्यासारखं दुखेल. हे तर कोणीतरी बरगडीच्या आतून एक बोट टेकवून ठेवलंय असं वाटतं. श्वास घेतला की बोट जरा दाबतं, सोडला की मागे सरकतं.

सकाळी साडेनऊला वासणा रोडवरच्या हॉस्पिटलमध्ये लिव्हर बायोप्सी झाली. माझी. सगळं लिहून ठेवते, कारण मी विसरेन, आणि बाहेर कोणाला सांगायचं पण नाहीये. आधी इंग्लिशमध्ये लिहायला घेतलं होतं. तीन ओळींत डिस्चार्ज समरीसारखं वाटायला लागलं. म्हणून मराठीत.

उजवा हात डोक्यावर. सोनोग्राफीचं गार जेल. डॉक्टरांनी बोटाने बरगड्या मोजल्या आणि आठवी-नववीच्या मध्ये पेनाने फुली मारली. मग बधिर करायचं इंजेक्शन. खरं चावलं ते तेच. मग जिग्नाबेन सिस्टर माझ्या कानाशी आल्या, "श्वास छोडो... हवे रोको... हलवानु नथी, बेटा." मी हलले नाही, आणि टक्. स्टेपलर मारल्यासारखा आवाज. मी विचारलं, झालं? डॉक्टर म्हणाले, "हो गया. अब बोर होने का टाइम है."

म्हणजे चार तास उजव्या कुशीवर पडून राहायचं. स्वतःच्याच वजनाने ते भोक दाबून धरायचं. किती साधं! एवढ्या मशिनी, आणि रक्त थांबवायला शेवटी माझंच वजन.

मी आधीच सांगून ठेवलं होतं की मला बघायचंय. डॉक्टर हसले, पण दाखवलं. छोटी बाटली, पाण्यासारखं फॉर्मॅलिन, आणि त्यात एक धागा. शेवईएवढा जाड, नखापेक्षा थोडा लांब. तपकिरी-गुलाबी. मी झूलॉजीची आहे, फायनल इयर, ट्रेमध्ये बेडकाचं लिव्हर शंभर वेळा पाहिलंय. पण हे माझं. तेवीस वर्षं अंधारात गप काम करणारी वस्तू पहिल्यांदा उजेडात आली आणि ती एवढीशी, एवढी शांत. हात जोडावेसे वाटले. एका हातात सलाइन होतं म्हणून राहिलं.

हे सगळं कशासाठी ते पण लिहिते. बाबांचं लिव्हर संपत आलंय. सिरॉसिस. आयुष्यात दारूचा थेंब नाही, तरी. आधी चरबी, मग सूज, मग दगड. दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढून आणतात. अहमदाबादचे डॉक्टर म्हणाले ट्रान्सप्लांट, आणि या वर्षात. यादीत नाव घातलंय, पण यादीत वर्षं जातात. आईचा ग्रुप जुळत नाही. मंदाकिनी आत्याला डायबिटीस. माझा ओ, म्हणजे माझं चालतं. ऑक्टोबरमध्ये बाबांना म्हटलं मी देते. ते म्हणाले, "विषय बंद." मग मी विषय बंद ठेवला आणि टेस्ट चालू केल्या.

पहिल्याच सोनोग्राफीत माझ्याही लिव्हरवर चरबी, स्कॅनमध्ये बावीस टक्के! एकाच स्वयंपाकघरातले ना आम्ही दोघं. चार महिने शेव-उसळ बंद, फरसाण बंद, रोज पाच किलोमीटर चालणं. साडेसात किलो उतरले. आता आत किती चरबी उरलीय ते हा धागा सांगणार. दहा टक्क्यांच्या आत पाहिजे. जास्त निघाली तर मी बाद, आणि दुसरं कोणी नाही.

बाबांना सांगितलंय की आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डोळ्यात ड्रॉप घालायला मी चार दिवस तिच्याकडे आहे. आईला खरं माहितीये. फॉर्मवर नातेवाईक म्हणून तिचीच सही आहे.

१२ फेब्रुवारी

उठले तर उजवा खांदा दुखतोय. खांदा! तिथे तर कोणी हात पण लावला नव्हता.

वाचून काढलं. लिव्हरच्या वर जो पडदा असतो श्वासाचा, त्याची नस मानेतून निघते. खांद्याची पण त्याच भागातून. पडदा दुखावला की निरोप वर जातो आणि मेंदू पत्ता चुकतो, खांदा समजून बसतो. माझ्या शरीरात चुकीच्या पत्त्यावर टपाल येतंय आणि मी गरम पाण्याची पिशवी घेऊन त्या चुकीच्या पत्त्यावर बसलेय.

आणि अजून एक वाचलं, ते डोक्यातून जात नाहीये. लिव्हरला स्वतःला दुखतच नाही. आत दुखायची सोयच नाही. दुखतं ते वरचं पातळ आवरण. म्हणून बाबांना इतकी वर्षं काही कळलं नाही. आतलं एकेक घर बंद पडत गेलं आणि त्याने एकदाही तक्रार केली नाही. बाबांचंच लिव्हर शोभतं.

दुपारी बाबांचा व्हिडिओ कॉल. आत्याने धावत जाऊन काळा गॉगल लावला. घरात. पंख्याखाली.

"कसा आहे डोळा, ताई?"

"छान. सगळं पिवळं दिसायचं ते आता पांढरं दिसतं."

"गॉगलमधून?"

आत्या म्हणाली, "अवनी, फोन धर गं, मला ड्रॉपची वेळ झाली," आणि आत गेली. मला हसू आलं आणि हसले की ते बोट आत घुसतं. उशी पोटाशी धरून हसले. फोन छताकडे करून.

१३ फेब्रुवारी

शिंक आली. देवा.

१४ फेब्रुवारी

आज उठता येतंय. युक्ती सापडली. आधी डाव्या कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग डाव्या हाताने पलंगाला रेटा. सरळ उठायला गेलं की आतली कळ थेट खांद्यापर्यंत.

आत्याला सगळं समजावून सांगत होते. म्हटलं, साठ टक्क्यांहून जास्त काढून देतात तरी तीन महिन्यांत जवळजवळ पूर्ण होतं परत.

"म्हणजे पालीच्या शेपटीसारखं?"

"तसं नाही गं. कापलेला भाग परत उगवत नाही. जो उरतो तोच मोठा होतो."

"आणि मोठा होतच राहिला तर?"

"नाही राहत. जेवढं पाहिजे तेवढं झालं की थांबतं."

"त्याला कोण सांगतं थांब म्हणून?"

 रसायनांची नावं मला येतात, पेपरात लिहिली पण आहेत. पण आत्याचा प्रश्न तो नव्हता. एका अवयवाला आपलं माप माहिती असतं. अर्ध्याहून जास्त गेलं तरी आठवणीत असतं.

आत्या म्हणाली, "तुझ्या बापाला हे पालीचं सांग. त्याला वाटतंय तू कायमची अर्धी होणार."

१५ फेब्रुवारी, शनिवार. गोरवा, घरी

रिक्षाने आले. समा ते गोरवा किती स्पीड ब्रेकर आहेत ते मला आता पाठ आहे. रिक्षावाल्याला म्हटलं काका, धीमे. तो म्हणाला, "बेन, आनाथी धीमे तो ऊभी रहेशे." याहून हळू केली तर उभीच राहील!

आणि मग जेवताना सगळं फुटलं.

आईने मिरचीची फोडणी दिली आणि मला शिंक येणार हे कळलं. मी दाबायचा प्रयत्न केला. नाही दाबली गेली. हात आपोआप गेला, बरगडीवर, बरोब्बर फुली होती तिथे. डोळ्यांत पाणी.

 बाबांनी त्यांचं ते बिनमिठाचं वरण आणि भात शांतपणे संपवला. ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले,

"खांद्यात पण येतंय का?"

त्यांची दोन वर्षांपूर्वी झालीये बायोप्सी. मी कसं विसरले हे! अख्ख्या बडोद्यात ज्या एका माणसासमोर हे लपणार नव्हतं, त्याच्याच समोर मी जेवायला बसले होते.

मी म्हटलं, "थोडंसं."

"मोतीबिंदूला नववी बरगडी कुठून आली, अवनी?"

आई ओट्याशीच उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला माहिती होतं."

"सही मीच केलीये," आई म्हणाली. "तुम्हाला काय बोलायचंय ते मला बोला. तिला आज नाही."

बाबा रिफायनरीत छत्तीस वर्षं सेफ्टीला होते. मागच्या वर्षी रिटायर झाले. ते उभे राहिले, टेबलाला धरून. "छत्तीस वर्षं मी परमिटशिवाय कोणाला एक नट उघडू दिला नाही. आणि माझ्याच घरात—" आत गेले.

१६ फेब्रुवारी

बाबा बोलत नाहीत. माझ्याशी नाही, आईशी नाही. आत्याचा फोन पण घेतला नाही.

पण दर सहा तासांनी टेबलावर पॅरासिटामोलची गोळी असते. शेजारी पाण्याचा ग्लास, त्यावर बशी. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. मी एकदा पण त्यांना ठेवताना पाहिलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

आज बोलले. मी गॅलरीत उन्हात बसले होते, ते हळूहळू येऊन दुसऱ्या खुर्चीवर बसले. चालताना आता त्यांचं पोट आधी येतं आणि मग ते.

"कोणी साठीचा माणूस गेला आणि त्याचं दिलं, तर मी उद्या घेईन. मला काही मरायची हौस नाही."

"मग माझं का नाही?"

"ज्याचं सगळं अजून व्हायचंय त्याचं काढून घ्यायचं आणि मी काय करायचं? सकाळी पेपर वाचायचा? पोरांचं घेऊन जगायचं नाही मला. तुझं नाही, कोणाच्याच पोराचं नाही."

मी म्हटलं, बाबा, ते परत वाढतं. पालीचं उदाहरण दिलं. हसले नाहीत. म्हटलं, आणि तुम्ही पेपर वाचता ना, ते मला पाहिजे. मोठ्याने वाचता आणि त्या संपादकाशी भांडता ते पाहिजे. मला काय पाहिजे ते तुम्ही नका ठरवू.

मग म्हणाले, "उजव्या कुशीवर झोपू नकोस अजून आठ दिवस. मी झोपलो होतो. मूर्खपणा होता."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सहा टक्के!!

मृदुलाबेनचा फोन आला, अहमदाबादच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर. म्हणाल्या स्लाइड बघणारे डॉक्टर विचारत होते की ही मुलगी खरंच बावीस टक्क्यांवरून आली का. सहा. मी फोन ठेवला आणि टाचा उचलून एकदा उडी मारली आणि लगेच खाली बसले, कळ आली म्हणून. चालेल.

त्या धाग्यात किती पेशी असतील? लाखो. आणि एकेक बघून कोणीतरी सांगितलं की चांगल्या आहेत. मी चार महिने चालत होते आणि आत कोणीतरी रोज झाडून काढत होतं. मला न सांगता. मला वाटायचं शरीर म्हणजे मी. आता वाटतं मी भाडेकरू आहे, मालक फार चांगला आहे.

बाबांना सांगितलं.

"सहा?"

"सहा."

"माझं तेव्हा चाळीस होतं." मग, "चार महिन्यांत बावीसचं सहा? रीडिंग बरोबर आहे ना? लॉगबुक आहे?"

मी माझी वही आणून दिली. रोजचं चालणं, वजन, काय खाल्लं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली, शिफ्टचा लॉग वाचतात तसं, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. एका ठिकाणी थांबले. "२९ नोव्हेंबरला एकशे एक ताप आणि तरी पाच किलोमीटर?"

"हळू चालले होते."

वही बंद केली, पण परत दिली नाही. उशाशी ठेवलीये. आत्ता जाऊन बघून आले.

२० फेब्रुवारी

हे नीट लिहायचंय.

सकाळी बाबांनी कोरा कागद आणि पट्टी मागितली. दोन तास लागले. रेघा वाकड्या येत होत्या, तरी आईला मदत करू दिली नाही. मग मला हाक मारली.

वर्क परमिट. रिफायनरीतल्यासारखंच, चौकटी-चौकटींचं.

कामाचं स्वरूप: लिव्हरचा उजवा भाग काढणे. कामाचं ठिकाण: अवनी. कामाची मुदत: दहा तास, वाढवायची असल्यास नवी परवानगी. मग 'धोके' अशी मोठी चौकट. ती त्यांनी पूर्ण भरली होती. रक्तस्राव. पित्त गळणे. जंतुसंसर्ग. हर्निया. महिनोन्‌महिने दुखणे. आणि सगळ्यात खाली, दाब देऊन लिहिलेलं: मृत्यू, दोनशेत एक. मी हा आकडा वाचलेला होता. वाचला आणि पुढे गेले होते. बाबांच्या अक्षरात मला तो पहिल्यांदा दिसला.

"वाच सगळं. मोठ्याने."

वाचलं.

"आता ऐक. ज्याचं युनिट असतं तो परमिट देतो. जो काम करून घेतो तो परमिट घेतो. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पाना लागत नाही. युनिट तुझं आहे. देणारी तू." पेन माझ्या हातात दिलं. "आणि आमच्याकडे नियम होता, काम चालू असताना साधा हेल्पर जरी म्हणाला थांबा, तरी थांबायचं. कारण विचारायचं नाही. तू टेबलावर झोपल्यावर म्हणालीस थांबा, तरी थांबेल. मी त्या डॉक्टरला सांगणार आहे. घरी येऊन पण तुला कोणी विचारणार नाही, मी तर नाहीच."

मी सही केली. त्यांनी पट्टीने त्यांच्या नावाखाली रेघ मारली, श्रीकृष्ण, परमिट घेणार, आणि सही केली. वेळ लागला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, असं शेजारी लिहिलं.

मला वाटायचं ते घाबरतात. ते घाबरत होतेच. पण ते वाट बघत होते की मी घाबरते का. कोणी आपल्याला इतकं पूर्ण सांगून, इतकी दारं उघडी ठेवून काही घ्यावं— मला नव्हतं माहीत घेण्याची पण अशी पद्धत असते.

आई म्हणाली, "मी कुठे सही करू?"

"तू आधीच केलीस," बाबा म्हणाले. पण साक्षीदार अशी एक चौकट आखून दिली तिला.

२३ फेब्रुवारी

दुखणं जवळजवळ गेलं. दिवसभर नसतं, फक्त कुशीवर वळताना हळूच सांगतं की मी आहे. भोकाच्या जागी तिळाएवढी खपली आहे. आरशात किती वेळ बघत होते. खपली पडेल तेव्हा थोडं वाईट वाटणार आहे बहुतेक.

आत्या आली होती. गॉगल न लावता. बाबा म्हणाले, "ताई, दुसऱ्या डोळ्याचं कधी करतेस?" दोघं एवढे हसले की बाबांना धाप लागली.

२५ फेब्रुवारी

तारीख मिळाली. ११ मार्च. त्याआधी कमिटीसमोर मुलाखत, कोणी जबरदस्ती केली नाही ना ते विचारायला. मी म्हटलं, बाबा, परमिट घेऊन जाऊ या. ते म्हणाले लॅमिनेट करून घे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी दोन, एक्स्प्रेसवेवर, गाडीत

मृदुलाबेनचा फोन पावणेबाराला आला. सुरतला एक लिव्हर मिळतंय. बाबांचाच ग्रुप. यादीत त्यांचा नंबर आला. काही खाऊ देऊ नका, लगेच अहमदाबादला निघा. संध्याकाळी ते लिव्हर याच रस्त्याने आमच्या मागून येणार.

आई "हाश" म्हणाली आणि रडली. मी पण हुश्श म्हटलं. मग खरं सांगते, राग आला. माझं नको आता? सहा टक्के होतं. मग त्या रागाची लाज वाटली. मग सुरतमध्ये आज कोणाच्या घरी काय चाललं असेल ते डोळ्यांसमोर आलं आणि राग, लाज, सगळंच गेलं. त्यांनी हो म्हटलंय. आजच्या दिवशी, या अवस्थेत, अनोळखी माणसासाठी हो.

निघताना मी मृदुलाबेनना फोनवर हळूच विचारलं, कोण होतं? त्या म्हणाल्या नाव सांगता येत नाही. मग म्हणाल्या, "छोकरो हतो. ओगणीस वरसनो."

एकोणीस.

आत्ता बाबांनी पुढच्या सीटवरून मान वळवली. "नाव नाही विचारत. पण वय काही बोलल्या का त्या? माझ्याच वयाचा असेल ना कोणीतरी?"

मी म्हटलं, थांबा बाबा, रेंज नाहीये, विचारून सांगते.

नडियादचा बोर्ड गेला. पाऊण तास उरला. ते परत विचारणार. सांगितलं तर ते गाडी वळवायला लावतील, आणि माझ्या लिव्हरसाठी अजून अकरा तारखेपर्यंत थांबावं लागेल, तोपर्यंत ते टिकतील का माहीत नाही. आणि लपवावं, तर त्या परमिटच्या कागदावर त्यांनी माझ्यापासून एक आकडा पण लपवला नव्हता.

तूच सांग, तू काय केलं असतंस?